नदीत बुडालेली सहलीची बोट: खाडीतल्या बुडीचा अनुभव आणि काही प्रश्न

केवडा:

नमस्कार मंडळी. मालवण, तारकर्ली, निवती इथल्या स्कूबावर इथे भरपूर लिहून झालंय. नदीतल्या बुडीवर मात्र एकही धागा सापडला नाही, म्हणून हा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधीच सांगते, नदीचं आणि गावाचं नाव लिहिणार नाही. सिंधुदुर्गातली एक खाडी, एवढं पुरे. समुद्रात एकदा बोटवाल्याचा हात धरून उतरलेला माणूस हे वाचून आपापला इथे उतरला, तर त्याला वर आणायला कोणी नसेल.

आमच्या जेटीवर एक सहलीची बोट असायची. दुमजली, वर निळी ताडपत्री आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मे महिन्यात मुंबईची पाहुणेमंडळी आली की संगमापर्यंत एक फेरी ठरलेली. माझ्या मावसबहिणीचं केळवण त्याच बोटीवर झालं होतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं त्या रात्री तिचे दोर तुटले. सकाळी आम्ही जेटीवर गेलो तर ताडपत्रीचा एक कोपरा तेवढा पाण्यावर हलत होता. बोटीत कोणी नव्हतं, हे नशीब. पावसाळ्यात पुराने ती आणखी खाली सरकली आणि नदीच्या वळणावर, एका कोंडीत, म्हणजे खोल डोहात, जाऊन बसली. तेव्हापासून तिथेच आहे.

मी दोन वर्षांपूर्वी स्कूबाचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं, प्रशिक्षण पूर्ण केलं, नंतर ॲडव्हान्स्डही. प्रत्येक बुडीत डोक्यात हीच बोट होती. माझे प्रशिक्षक दोन वर्षं नाहीच म्हणत होते. शेवटी ते तयार झाले ते आमच्या वाडीतल्या तांडेलकाकांशी बोलल्यावर. काकांची खाडीत पन्नास वर्षं गेली आहेत. त्यांनी आम्हाला पाण्याची वेळ काढून दिली आणि ती कशी काढायची तेही शिकवलं.

तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. हे समुद्रकाठचं गणित. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, आमच्या कोंडीपर्यंत यायला अर्धा तास जादा. आणि दिवस निवडायचा भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी असतो तेव्हाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, त्यामुळे ओढ जबरदस्त. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वात मंदावतं. म्हणून ठरली फाल्गुन शुद्ध दशमी. साडेसात अधिक अर्धा तास, म्हणजे सकाळी आठ. भरती पूर्ण होऊन सुकती, म्हणजे ओहोटी, लागायच्या आधी पाणी थबकतं, ती साधारण अर्ध्या तासाची फट आमची. शिवाय भरतीने बाहेरचं स्वच्छ पाणी आत आणलेलं असतं. सुकतीला तीच खाडी वरचा सगळा गाळ घेऊन उतरते, तेव्हा आपलाच हात दिसत नाही.

होडी बोटीच्या थेट वर नांगरली नाही, थोडी वर, प्रवाहाच्या बाजूला नांगरली. नांगराच्या दोरीला धरूनच खाली जायचं आणि त्याच दोरीने वर यायचं. समुद्रात मला खाली जाताना निळा रंग हळूहळू गडद होताना दिसतो. इथे रंग हिरवा, मग शेवाळी, मग चहासारखा. चार मीटरवर टॉर्च लावला. सात मीटरवर पायाखाली काहीतरी असल्याचं प्रशिक्षकांनी माझा दंड दाबून कळवलं, मला दिसलं नव्हतं. दृश्यता जेमतेम सव्वा मीटर.

पहिली दिसली ती खुर्ची. पांढरी प्लास्टिकची, पाय वर करून गाळात रुतलेली, आणि चारही पायांना कालवं लगडलेली. मग कठडा. लहानपणी मी ज्या कठड्याला पोट टेकून वाकायचे तो आता मनगटाएवढा जाड झालाय, पाइप दिसतच नाही, नुसती कालवं आणि शिणाणे (काळे शिंपले). मी बोट फिरवलं तर टोकं उघडी होती ती सगळी एकामागोमाग मिटली. कठड्याच्या आत, जिथे आईसबॉक्स ठेवायचे तिथे एक हातभर लांब तांबोशी स्थिर उभी होती. टॉर्चचा उजेड अंगावर पडला तरी हलली नाही, फक्त कल्ले उघडत मिटत होते. तिच्या मागे काळुंदरांचा थवा, आणि चालकाच्या केबिनच्या फुटलेल्या काचेतून एक गोब्रा अर्धा बाहेर. रेग्युलेटर तोंडात असताना रडता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही आत शिरलो नाही. ते आधीच ठरलेलं होतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागावर एक नायलॉनचं जाळं अडकलंय. अडकून तुटलेलं, सोडून दिलेलं. त्यात मासे मरतात, मेलेल्या माशांवर कुर्ल्या येतात, त्याही अडकतात. एक मोठी कुर्ली मी पाहिली, तिचा एक नांगा जाळ्यात पिळवटून निघालेला, दुसऱ्याने ती अजून ओढत होती. प्रशिक्षकांनी सुरीने चार फास कापले तेव्हा ती सुटली. पण तिच्या आजूबाजूला वीस-बावीस नुसती कवचं होती. तेवढ्यात होडीवरून ठरल्याप्रमाणे दोरीला तीन झटके आले, म्हणजे पाणी फिरलं. वर आलो.

तर, असं जाळं कोणी काढलंय का? कशी तयारी लागते? आणि बोटीत डिझेलची टाकी व बॅटऱ्या तशाच असाव्यात असं काका म्हणतात. त्याचं काय करावं?

*

निळीशाई:

काय लिहिलंयस! ती मिटणारी कालवं डोळ्यांसमोर आली. कर्ली नदी का गं? निदान हो-नाही सांग.

*

केवडा:

नाही सांगणार, रागावू नकोस. व्यक्तिगत निरोपातही नाही.

*

खोलपाणी:

मी बारा वर्षं प्रशिक्षक आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पहिल्यांदा, तुमच्या प्रशिक्षकांनी दोन वर्षं नाही म्हटलं याबद्दल त्यांचं अभिनंदन.

बुडालेल्या बोटीवर नदीत तीन गोष्टी माणसाला मारतात. गाळ, जाळं आणि ओढ. ओढीचं तुम्ही लिहिलंत. गाळाबद्दल लिहितो. समुद्रात आपण पाय वर-खाली मारतो तसे खाडीत एकदा मारले की तळाचा गाळ उठतो आणि मग टॉर्च लावला तर समोर नुसती तपकिरी भिंत उजळते. बेडकासारखे पाय मारायचे, गुडघे वाकवून, फिनचा जोर मागे जाईल असे. तळापासून निदान मीटरभर वर राहायचं. आणि दोरी सोडायची नाही. नांगराच्या दोरीला रील बांधून ती सोडत पुढे जायचं, म्हणजे काही दिसलं नाही तरी हाताने चाचपत परतता येतं.

हवेचं गणितही वेगळं. खुल्या समुद्रात बरेच जण टाकीत ५० बार दाबाची हवा उरली की वर निघतात. इथे तिसऱ्या हिश्शाचा नियम पाळा. २०० बार असतील तर ६५ च्या आसपास जायला, तेवढेच यायला, उरलेले जाळ्यात अडकलात तर. आणि सुरी एक नाही, दोन, दोन्ही हातांना वेगवेगळ्या पोचतील अशा. नायलॉनला सुरीपेक्षा पत्रा कापायची कात्री जास्त चांगली चालते.

वजनाबद्दल. पोहण्याच्या तलावात जुळवलेलं वजन घेऊन कोणी फाल्गुनात खाडीत उतरला तर तो तरंगत राहील. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. सामानासकट माणूस ८० ते ९० किलो भरतो, म्हणजे दोन किलो वजन जादा लागतं. उलट दसऱ्याच्या सुमारास वर पुराचं गोडं पाणी आणि खाली खारं असे दोन थर असतात. त्यांच्या सीमेवर डोळ्यांसमोर तेल सांडल्यासारखं धूसर होतं आणि घाबरायला होतं. थर ओलांडला की पुन्हा दिसतं.

*

वेंगुर्लेकरीण:

खोलपाणी, एक विचारू? आम्ही दरवर्षी मालवणला दोन बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगावला जातो. घाट चढताना नवऱ्याचे सांधे दुखतात. तो म्हणतो गाडी चालवून दुखतात.

*

खोलपाणी:

ताई, हे थांबवा. बुडीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि तो वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. विमानासाठी जो थांबायचा नियम सांगतात, एका बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर १८ तास, तो साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. दोन बुड्या मारल्यात तर ती रात्र खालीच राहा, सकाळीही घाई नको. आणि ‘गाडी चालवून दुखतात’ यावर सोडू नका, बुडीच्या आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवा. पुढच्या बुडीच्या आधी. कोल्हापूर-बेळगावहून येणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगतच नाही, म्हणून ठळक लिहितोय.

*

वेंगुर्लेकरीण:

वाचून हात गार पडले. आजच अपॉइंटमेंट घेते. केवडा, तुझ्या धाग्यामुळे हे कळलं.

*

तांडेलपुत्र:

केवडाताय, तुजा वाचलंय आणि माका माजो बापूस आठवलो. तो पण पाऊणपटीचा गणित बोटांवर करी. तो म्हणी, उधाणाच्या पाण्यावर इस्वास ठेवू नको आणि भांगाच्या पाण्याक उशीर करू नको. अर्धो तास म्हणजे अर्धोच तास.

प्रमाण मराठीत लिहितो आता, सगळ्यांना कळावं म्हणून. जाळं काढायच्या आधी एक विचार करा. ते जाळं कोणाचं आहे? तुम्हाला ते सोडून दिलेलं वाटतं. पण खाडीत जाळं अडकलं तर माणूस ते सोडून देत नाही, त्याला सोडावं लागतं. हजारोंचा माल असतो. तुम्ही वर आणून ते तुकडे करून कचऱ्यात टाकलेत आणि ज्याचं होतं त्याने पाहिलं, तर पुढच्या वेळी तुमच्या होडीला नांगर टाकायला कोणी देणार नाही. आधी वाडीत विचारा. शिमग्याला सगळे गावात असतात, तेव्हा विचारा.

*

केवडा:

तांडेलपुत्र, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. उद्याच काकांशी बोलते.

*

रेवदंडेकर:

वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. माझ्या आजोबांचे दोन भाऊ ‘रामदास’वर होते. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या घरात अजूनही त्या दिवशी गोडधोड करत नाहीत. त्यामुळे ‘बुडालेल्या बोटीवर डाईव्ह’ असं कुठे वाचलं की पोटात गोळा येतो. कोणाचं तरी शेवटचं ठिकाण बघायला जाणं हा छंद असू शकतो का?

*

केवडा:

राग कशाला मानू? तुमच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. आमच्या बोटीत कोणी गेलं नाही, आणि गेलं असतं तर मी उतरले नसते, एवढं मनापासून सांगते. ज्या बोटीत माणसं राहिली ती जागा नातेवाईकांची. तिथे उतरायचं तर शोधण्यासाठी, बघण्यासाठी नाही.

*

महाडचा_मी:

शोधण्यासाठी उतरणारे आम्ही जवळून पाहिलेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी त्यात गेल्या. नौदलाचे पाणबुडे दिवसच्या दिवस त्या गढूळ पाण्यात उतरत होते. क्रेनला लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपत होते. आम्ही काठावर उभे. पाणबुड्या वर आला की त्याचं तोंड बघायचो, काही सांगतोय का म्हणून. ते मान हलवायचे आणि पुन्हा खाली जायचे. तेव्हा मला कळलं की नदीत दिसत नाही म्हणजे काय. तिथे शोध हातानेच घ्यावा लागतो.

आणि सावित्री-वाशिष्ठीच्या बाजूला कोणी असलं धाडस करणार असेल तर मगरी आहेत हे लक्षात ठेवा. चिपळूणकडे तर मगरी बघायला सहली निघतात.

*

दूरदेशी:

मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला राहतो. इथे सेंट लॉरेन्स नदीत बुडालेल्या बोटी पाहायला लांबून लोक येतात. अलेक्झांड्रिया बे गावात ‘आयलंडर’ नावाची चाकांवर चालणारी वाफेची बोट आहे, बेटांमधून पर्यटकांना फिरवायची. १९०९ मध्ये धक्क्याला बांधलेली असतानाच जळाली आणि तिथेच बुडाली. आज काठावरून चालत पाण्यात शिरायचं, थोडं पोहायचं की बोट. मी पहिल्यांदा तिच्या लाकडी बरगड्या पाहिल्या तेव्हा मला आमच्या दाभोळचे पडाव आठवले.

तिथलं पाणी स्वच्छ आहे, पण त्याचं कारण दुखरं आहे. झेब्रा मसल नावाचे परदेशी शिंपले जहाजांच्या पाण्यातून आले, नदीभर पसरले आणि पाणी गाळून काढलं. डायव्हरना दिसायला लागलं, पण स्थानिक शिंपल्यांचा घास गेला. म्हणून केवडा, तुझ्या खाडीतल्या गढूळपणाबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. त्या गढूळ पाण्यातल्या अन्नकणांवरच तुझी कालवं जगतात.

*

केवडा:

दूरदेशी, हे मी लिहून ठेवलं. दृश्यता वाढावी असं मला सारखं वाटत होतं.

*

खोलपाणी:

डिझेलबद्दल लिहायचं राहिलं. आयएनएस गुलदार माहीत असेल तुम्हाला. डिसेंबर १९८५ मध्ये नौदलात आलेलं, १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालेलं जहाज. निवती रॉकजवळ ते पाण्याखाली ठेवून कृत्रिम प्रवाळ आणि पर्यटन अशी राज्याची योजना. असं जहाज मुद्दाम बुडवायचं तर आधी तेल, रंग, तारा, काच, सगळं काढून स्वच्छ करावं लागतं. तुमच्या बोटीला ती संधीच मिळाली नाही. टाकी पत्र्याची असेल तर खाऱ्या पाण्यात आज ना उद्या सडणार. पण ती तुम्ही काढायला जाऊ नका. टाकी रिकामी करणं हे व्यावसायिक पाणबुड्यांचं काम आहे, हौशी माणसाचं नाही. बंदर कार्यालयात लेखी अर्ज द्या, अर्जावर ग्रामपंचायतीचा आणि मच्छीमार सोसायटीचा असे दोन्ही शिक्के असू द्या, आणि पोच घ्या. बोटीचा मालक कोण ते जेटीवर सगळ्यांना माहीत असणारच. त्याचं नाव अर्जात येऊ द्या, इथे नको.

*

निळीशाई:

पावसाळ्यानंतर उतरणार असाल तर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) बघा गं. अंगावर जखम असेल तर पुराच्या पाण्यात अजिबात नको.

*

केवडा:

सगळ्यांना उत्तर देते. थोडा वेळ लागला, कारण मध्ये शिमगा होता.

तांडेलपुत्र, तुमचं ऐकून काकांबरोबर वाडीत फिरले. चौथ्या घरी जाळ्याचा मालक सापडला. त्यांनी ते कर्ज काढून घेतलं होतं आणि पहिल्याच हंगामात बोटीत अडकून गेलं होतं. मी ‘ते काढायचंय’ म्हटल्यावर आधी ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, दोरी आणि शिशाच्या गोळ्या तेवढ्या मिळाल्या तर बघ, कामाला येतील.

बंदर कार्यालयात अर्ज दिला, दोन्ही शिक्क्यांसकट, पोच घेतली. डिझेलचं पुढे काय होतं ते इथे कळवीन.

आणि काल चैत्र वद्य दशमी होती. खोलपाणींनी सांगितल्याप्रमाणे तयारी केली. चौघे उतरलो, दोघे कापायला, दोघे फक्त आमच्यावर लक्ष ठेवायला, आणि जाळ्याचे मालक स्वतः होडीत दोरी धरून. जाळं एकदम ओढायचं नाही, कालवं उचकटतात. हातभर कापायचं, पिशवीत भरायचं, पिशवी दोरीला बांधून वर पाठवायची. अर्ध्या तासात तिसरा हिस्साच निघाला. तीन पिशव्या. एका पिशवीत दोन जिवंत कुर्ल्या वर गेल्या, त्या मालकांनी मोकळ्या करून खाडीत सोडल्या आणि गोळ्या एकेक मोजून आपल्या डब्यात टाकल्या. सत्तेचाळीस निघाल्या.

पुढचा भांग वैशाख शुद्ध दशमीला. वेळ पुन्हा सकाळी आठ. तांबोशी तिथेच होती, आईसबॉक्सच्या जागी.